बंद पडलेलं कपेल: मोजणी, नोंद आणि पावसाआधीची डागडुजी

जुन्या गोव्यात मोंते सांतु टेकडीवरचं सांत आगुस्तिनचं चर्च १८३५ साली ओस पडलं. पोर्तुगीज सरकारने धार्मिक संघच बरखास्त केले होते. १८४२ मध्ये त्याचं चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं) कमानछत कोसळलं, १९३१ मध्ये दर्शनी भिंत आणि अर्धा मनोरा गेला. आज उरलाय तो सुमारे ४६ मीटर उंचीचा एकटा मनोरा. १८३५ ते १८४२ म्हणजे सातच पावसाळे. कौलं फेरणारं आणि भिंतीतली रोपटी उपटणारं कुणी नसलं की गोव्याच्या पावसाला एवढा वेळ पुरतो.

ही माहिती सांत आगुस्तिनसारख्या प्रचंड वास्तूंसाठी नाही. वाड्यावाड्यांत जी लहान कपेलं, म्हणजे ख्रिस्ती प्रार्थनागृहं, कुलूप लावून पडली आहेत त्यांच्यासाठी आहे. गावची समिती, वास्तुशास्त्राचे विद्यार्थी किंवा एखादा उत्साही शेजारी, तिघांनाही दोन दिवसांत अशा कपेलाची भरवशाची नोंद करता येते. साफसफाईला त्याआधी हात घालू नका. झाडलोट, खरवडणं, रंग या तिन्हींत पुरावा आधी जातो.

चावी कुणाकडे, जमीन कुणाची

चावी सांभाळणारा मालक असतोच असं नाही. कपेल इगर्जीच्या (चर्चच्या) फाब्रिकेचं, म्हणजे मालमत्ता सांभाळणाऱ्या समितीचं असेल, कोन्फ्रारियाचं (भाविकांच्या मंडळाचं), कोमुनिदादीच्या (गावच्या सामाईक जमीनसंस्थेच्या) जागेवरचं किंवा एखाद्या जुन्या घराण्याचं खासगी. गावात नमुना १ व १४ चा (जमिनीच्या हक्कनोंदीचा) उतारा आणि सर्व्हे नकाशा काढा. शहरात चल्ता क्रमांकावरून (शहर मोजणीतल्या क्रमांकावरून) पत्रक मिळतं. मग पाद्रींना आणि मालकाला लेखी पत्र द्या. मोजणी, फोटो आणि हाताने होणारी तपासणी एवढंच त्यात मागा. नमुना काढायचा असेल तर त्याची परवानगी वेगळी घ्या.

वास्तू भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या किंवा राज्याच्या पुरातत्त्व खात्याच्या यादीत आहे का, हेही आधी बघा. केंद्राच्या संरक्षित वास्तूपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी असते आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. तुमचं कपेल स्वतः यादीत नसलं तरी अशा पट्ट्यात येत असेल.

दुसरं, वर्षातून एकदा फेस्त (सण) होत असेल, कुणी येऊन लदीन (सामूहिक प्रार्थना) म्हणत असेल, तर ते कपेल बंद नाही. आल्तारावर (वेदीवर) टेप, बॅटऱ्या, चहाचे पेले ठेवू नयेत. मूर्ती आणि चांदीच्या वस्तूंचे फोटो मालकाच्या नोंदीसाठी काढा, पण जागेच्या नावासकट इंटरनेटवर चढवू नका. चोराला यापेक्षा जास्त काही लागत नाही.

कधी जायचं, काय न्यायचं

एक फेरी भर जुलैत, पाऊस पडत असताना. फूटपट्टी लागत नाही, छत्री आणि वही पुरते. पाणी कुठून आत येतं, पागोळ्या कुठे पडतात आणि जोत्याशी डबकं कुठे साचतं, हे फक्त तेव्हाच दिसतं. मोजणी नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

माणसं तीन: दोघं टेप धरणारी, एक लिहिणारा. लिहिणाऱ्याने टेपला हात लावायचा नाही. सामानात ३० मीटरचा टेप, ५ मीटरचा पोलादी टेप, लेझर मीटर, ओळंबा, पाणसळ, १० मीटरची पारदर्शक लेव्हल नळी, गुण्या, दोरा, होकायंत्र, दोन दणकट टॉर्च, पातळ सुरी, दाभण, लाकडी मुठीची लहान हातोडी. वटवाघळांची विष्ठा असेल तर एन-९५ मास्क आणि हातमोजे. वाळल्या विष्ठेची धूळ फुप्फुसात गेली तर बुरशीचा आजार होऊ शकतो, म्हणून ती झाडू नका. शिडीवर चढायच्या आधी गांधीलमाश्यांची पोळी बघा, आणि घंटेच्या खाली कुणी उभं राहू नये. घंटा टांगलेलं लाकूड बहुधा सगळ्यात आधी कुजतं.

मोजणी

पहिल्यांदा हाताने कच्चा नकाशा काढा, मोठा, एका पानावर एकच खोली. भिंतींना अक्षरं द्या, दारं-खिडक्यांना आकडे. फोटोंचे क्रमांकही त्याच नकाशावर टाका, नाहीतर पुढच्या महिन्यात कोणती खिडकी कुठली हे कळत नाही.

लेव्हल नळीत पाणी भरून, बुडबुडे पूर्ण काढून, दाराच्या उंबऱ्यापासून १ मीटर उंचीची रेषा सगळ्या भिंतींवर फिरवा. खडूची बारीक खूण पुरे, शाई नको. सगळ्या उंच्या या रेषेपासून वर आणि खाली मोजायच्या. जुनी जमीन सपाट असेल हे गृहीत धरलं की आख्खा उभा छेद चुकतो.

आडव्या मापात टेप एका कोपऱ्यात शून्यावर ठेवून भिंतभर ताणा आणि प्रत्येक कडेचं वाचन त्याच टेपवरून सलग लिहा: ०.९२, १.८८, ४.१०, ५.०६ असं. खिडकी वेगळी, मधली भिंत वेगळी अशी तुकड्यांत मापं घेऊन बेरीज केली तर प्रत्येक तुकड्याची चूक साठत जाते. मग दोन्ही कर्ण मोजा. १३.२० बाय ६.६० मीटरची खोली काटकोनात असेल तर कर्ण १४.७६ येतो. दोन कर्णांत १० सेंटिमीटरचा फरक आला म्हणून टेपला दोष देऊ नका. फेरमापातही तोच आला तर भिंतच तिरपी आहे आणि नकाशात ती तिरपीच काढायची. नव्या लोकांची सगळ्यात मोठी खोड हीच, कागदावर काटकोन सरळ करून टाकायची.

भिंतीची जाडी दारातून आणि खिडकीतून दोन्हीकडे घ्या. गिलावा धरून की सोडून, हे लिहा. भिंत ओळंब्यात आहे का, हे तीन ठिकाणी बघा: दोन टोकं आणि मध्य. ओळंबा वरून सोडून दर मीटरला दोरी आणि भिंत यांतलं अंतर लिहायचं. नकाशा १:५० ला, दारं-खिडक्या १:२० ला, गलथ्यांचे आणि कंगोऱ्यांचे छेद १:५ ला पुरतात.

आता मीटरमधली मापं २२ सेंटिमीटरने भागून बघा. जुन्या पोर्तुगीज मापात पाल्मो २२ सेंटिमीटरचा, वारा पाच पाल्मोंचा म्हणजे १.१० मीटर, ब्रासा दहाचा म्हणजे २.२० मीटर. वरच्या उदाहरणातली १३.२० बाय ६.६० ची खोली म्हणजे ६० बाय ३० पाल्मो, सहा ब्रासा लांब, तीन रुंद. मूळ बांधणी अशी पूर्ण आकड्यात बसते आणि नंतर वाढवलेली खोली बसत नाही. एका आकड्यावर विसंबू नका. चार-पाच मुख्य मापं जुळली तरच निष्कर्ष काढा, आणि गिलाव्याची जाडी वजा करून बघा.

वास्तू वाचताना

गोव्यातल्या लहान कपेलाची मांडणी सरळ असते. दर्शनी भिंत, तिच्यावर वळणदार शिखर, खुरीस (क्रूस), घंटेची कमान. आत लोकांची लांब खोली. मग मोठी कमान. तिच्यापलीकडे वेदीची अरुंद खोली आणि बाजूला किंवा मागे साक्रिस्ती, म्हणजे पाद्रींची तयारीची खोली. पुष्कळदा वेदीवर चिऱ्याचं कमानछत असतं आणि लोकांच्या खोलीवर लाकडी कैच्या (छपराच्या त्रिकोणी चौकटी) व कौलं. हे दोन भाग वेगवेगळ्या पद्धतीने बिघडतात, म्हणून त्यांची तपासणीही वेगळी.

अशा कामासाठी इंटरनेटवर जी मार्गदर्शकं सापडतात त्यांतली बरीचशी इंग्लंडची, व्हिक्टोरियन काळातल्या नॉनकन्फर्मिस्ट (सरकारी चर्चबाहेरच्या प्रोटेस्टंट) पंथांच्या बंद प्रार्थनागृहांची. ती वाचावीत, पण तशीच्या तशी लावू नयेत. तिथे प्रवचनाला मान, म्हणून प्रवचनपीठ समोरच्या भिंतीच्या मधोमध, मागे ऑर्गन, आणि तीन बाजूंनी बिडाच्या खांबांवर सज्जे. वर्गणीदारांची नावं आणि साल कोरलेले पायाचे दगड दर्शनी भिंतीत ओळीने बसवलेले, त्यामुळे काळ ठरवणं सोपं. गोव्यात सगळं लक्ष आल्ताराकडे, प्रवचनपीठ असलंच तर बाजूच्या भिंतीला, आणि सज्जा एकच, दाराच्या वर गाणाऱ्यांसाठी. दात्यांच्या दगडांऐवजी इथे दारावरचं साल आणि जमिनीतल्या थडग्यांच्या शिळा वाचाव्या लागतात.

त्या दोन्हींत फसगत होते. सालाशेजारी पुनर्बांधणीचा पोर्तुगीज शब्द, रेएदिफिकादा, असेल तर ते साल मूळ बांधणीचं नव्हे. थडग्याची शिळा दुसरीकडून आणून बसवलेली असू शकते. कडा छाटलेल्या, अक्षरं मध्येच तुटलेली असली तर शंका घ्या. पुसट अक्षरं खडू घासून वाचू नका. अंधार पडल्यावर टॉर्च शिळेला जवळजवळ समांतर धरा आणि चारी बाजूंनी फिरवत फोटो काढा. एका बाजूने न दिसणारी रेघ दुसरीने उठून येते.

कौलांवरही तेच. बासेल मिशनचा मंगळूरचा कौलांचा कारखाना १८६५ चा, त्यामुळे मंगळुरी कौलांचं छप्पर त्याआधीचं असू शकत नाही. त्याआधी हाताने थापलेले अर्धगोल नळे असत. पण कौलाच्या पाठीवर १८६५ दिसलं म्हणून छप्पर १८६५ चं होत नाही. तो आकडा कारखान्याच्या स्थापनेचा, ठशात कायमचा बसवलेला. पहिल्या महायुद्धानंतर मिशनचे कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले आणि कौलांवर कॉमनवेल्थ हे नाव आलं, म्हणून तो ठसा जास्त उपयोगी. पन्नासेक कौलं उलटून ठशांची यादी करा. शाकारणी दर काही वर्षांनी होत आलेली, एकाच पाख्यावर चार कारखाने सापडतात.

नळ्यांचं छप्पर काढून मंगळुरी घातलं तेव्हा उतार बदलला असेल, तर शिखराच्या मागच्या बाजूला जुन्या छपराची तिरपी रेघ गिलाव्यात राहते. ती मोजून ठेवा. भिंतीत एकसंध उभी दरज दिसली, दोन्हीकडचे चिरे एकमेकांत गुंतलेले नसले, तर तिथे दोन वेळची कामं भिडली आहेत. चिऱ्यावर टिकावाचे आडवेतिडवे घाव असतील तर हाताने काढलेला. सारख्या समांतर रेघा असतील तर यंत्राने कापलेला, म्हणजे अलीकडचा.

खिडक्यांत शिंपले असतील तर जास्तच सांभाळून. सपाट, अर्धपारदर्शक शिंपल्याचे छाटलेले तुकडे लाकडी पट्ट्यांच्या खाचांत सरकवलेले असतात, चिकटवलेले नसतात. चौकट फुगली की पट्टी उसवते आणि तुकडे एकेक करून गळतात. खाली पडलेले गोळा करून खिडकीच्या क्रमांकाच्या पाकिटात ठेवा. चिखलीच्या खाडीत हे शिंपले आहेत, पण वन्यजीव कायद्याने ते संरक्षित आहेत. नव्या तुकड्यांसाठी मोडक्या जुन्या चौकटी शोधाव्यात.

चिरा, चुना आणि सिमेंटचा घात

चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवेत कडक होतो. त्यात लोह-ॲल्युमिनियमचा जाळीदार सांगाडा आणि पोकळ्यांत माती. उघड्या चिऱ्यावर पाऊस मारला की माती धुपते, भोकं मोठी होतात, पाणी आणखी आत जातं. म्हणून जुन्या गवंड्यांनी त्यावर चुन्याचा गिलावा आणि वर दर काही वर्षांनी चुन्याची सफेदी दिली. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चचा गिलावा १९५० च्या दशकात काढून टाकला गेला. तेव्हापासून १५९४ साली सुरू झालेल्या त्या बांधकामाचे चिरे पावसात झिजत आहेत. लाल दगड छान दिसतो म्हणून गिलावा खरवडायचा सल्ला कुणी दिला तर त्याला जुन्या गोव्याला नेऊन ती भिंत जवळून दाखवा.

उलट टोकाची चूक म्हणजे सिमेंटचा गिलावा. जमिनीतून चढलेली ओल चुन्यातून बाहेर सुकते, सिमेंटमागे कोंडते. मग ती सिमेंटच्या पट्ट्याच्या वरच्या कडेला बाहेर पडते आणि तिथे लोणा लागतो. एक मीटरपर्यंत सिमेंट आणि बरोबर त्यावर भुसभुशीत, पांढुरका पट्टा, हे चित्र इतक्या ठिकाणी दिसतं की लांबूनच ओळखता येतं. तो पट्टाही सिमेंटने बुजवला की पुढच्या दोन-तीन वर्षांत ओल आणखी वर सरकते.

गिलावा चुन्याचा की सिमेंटचा, हे लिंबाच्या रसाने ठरवू नका. फेस दोन्हींना येतो, कारण जुन्या सिमेंटमध्येही कार्बोनेट तयार झालेलं असतं. सुरीने ओरखडा: चुना पांढरी भुकटी देतो, सिमेंट करडं राहतं आणि पात्याची धातूची रेघ उमटते. हातोडीच्या लाकडी मुठीने भिंतभर हलकं ठोकत जा; पोकळ आवाज आला तिथली हद्द नकाशावर रंगवा. पोकळ म्हणजे पाडायचा असं नाही. तळहाताएवढे पोकळ भाग वर्षानुवर्षं टिकतात.

प्रयोगशाळेत मसाला तपासून घेणार असाल तर एक गोष्ट आधी सांगा: गोव्यातला चुना शिंपल्यांचा, आणि त्यात न भाजलेले तुकडे राहतात. आम्लात मसाला विरघळवून चुना-वाळूचं प्रमाण काढताना हे तुकडेही विरघळतात, त्यामुळे चुना आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. विरघळवण्याआधी भिंगाखाली शिंपल्यांचे कण वेगळे मोजायला सांगा.

पाण्याचा हिशेब

वरच्याच कपेलाचं उदाहरण घेऊ. भिंती ९० सेंटिमीटर, दोन्हीकडे ६० सेंटिमीटरची वळचण, म्हणजे छपराची आडवी रुंदी ९.६ मीटर; लांबी साधारण १४. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस धरला तर या छपरावर चार लाख लिटर पाणी पडतं, एकेका पाख्याखाली दोन लाख, तेही मुख्यतः चार महिन्यांत. हे सगळं जोत्यापासून हातभर अंतरावर पडून मुरतं. भिंतीतल्या ओलीचं कारण शोधताना आधी इथे बघायचं, रसायनांच्या जाहिरातींकडे नंतर.

जोत्याला लागून काँक्रीटचा पट्टा ओतणं हा नेहमीचा आणि चुकीचा उपाय. जमिनीतली वाफ त्याखालून बाहेर येऊ शकत नाही, भिंतीत चढते. पागोळ्या पडतात तिथे चिऱ्याची उघडी पन्हळ, दर ४० सेंटिमीटरला १ सेंटिमीटर उतार, आणि पन्हळ ते भिंत मोकळी माती किंवा जांभी खडी, असं करावं. वर्षानुवर्षं साचलेली माती जोत्याच्या वर आली असेल तर ती आधी काढा.

छपरासाठी: ३० अंशांच्या उतारावर दोन्ही पाखी मिळून साधारण १५५ चौरस मीटर होतात. मंगळुरी कौलं चौरस मीटरला १५, म्हणजे २,३२५. तूटफूट धरून २,५०० मागवा. एक कौल अडीच किलो धरलं तर छपरावर कोरडी पावणेसहा टन, ओली आणखी जड. म्हणून एकाच पाख्यावरची सगळी कौलं एकदम उतरवू नका. भार एकतर्फी झाला की जुन्या कैच्या सरकतात. दोन्हीकडून थोडी थोडी, आढ्यापासून खाली.

वासे कुजतात ते भिंतीत गेलेल्या टोकाशी. दाभण तिथेच टोचा; ५ मिलिमीटरपेक्षा सहज आत गेलं तर ते टोक नकाशावर लाल. वासा मधे ठणठणीत वाजतो म्हणून फसू नका. वाळवीच्या मातीच्या नळ्या फोडून चार दिवसांनी परत बघा. पुन्हा बांधल्या असतील तर वाळवी जिवंत आहे.

भेगा

भेगेची रुंदी एकदा मोजून काही कळत नाही. भेगेच्या दोन्ही बाजूंना, गिलाव्यात नव्हे तर चिऱ्यात, पितळी पिना बसवा (मालकाच्या परवानगीने) आणि व्हर्नियर कॅलिपरने अंतर मोजा: मेच्या अखेरीस, ऑगस्टमध्ये, डिसेंबरमध्ये, आणि पुन्हा पुढच्या मेमध्ये. पावसात मिटून उन्हाळ्यात तेवढीच उघडणारी भेग वास्तूबरोबर जगते. दर मेमध्ये आधीपेक्षा रुंद मिळाली तर अभियंता बोलवा.

कमानछताच्या माथ्यावर लांबीच्या दिशेने भेग असेल तर दोन्ही भिंती बाहेर कलल्या का ते ओळंब्याने बघा. कललेल्या असतील तर त्या खोलीत काम थांबवा आणि खाली टेकू लागेपर्यंत कुणाला जाऊ देऊ नका. दर्शनी भिंत आणि बाजूची भिंत यांच्या कोपऱ्यातली उभी भेग जास्त वेळा दिसते. शिखर छपरापेक्षा उंच, मागून आधार नाही, त्यात वडाचं किंवा पिंपळाचं मूळ. ते झाड ओढून काढलं तर मुळाबरोबर चिरेही येतात. बुंध्याशी कापा, खोडाला छिद्रं पाडून तणनाशक भरा, मूळ मेल्यावर पोकळी चुन्याच्या पातळ मसाल्याने भरा.

मेपूर्वी एवढं तरी

घसरलेली कौलं जागेवर, फुटलेली बदलून. छपरावर ताडपत्री ताणायची असेल तर वळचण उघडी राहू द्या, नाहीतर आत वाफ कोंडून लाकडाला बुरशी येते. वटवाघळांना पिल्लांच्या दिवसांत कोंडू नका. दारं-खिडक्या फळ्या मारून गच्च बंद न करता जाळी लावा, हवा खेळली पाहिजे.

चुन्याचं काम पावसाआधी उरकायचा मोह टाळा. चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने हळूहळू घट्ट होतो. एप्रिलच्या उन्हात भेगाळतो, जूनच्या पावसात वाहून जातो. ऑक्टोबरअखेर सुरुवात, एक भाग मुरलेला चुना आणि तीन भाग धुतलेली नदीची वाळू, एकेक थर १०-१२ मिलिमीटरचा, प्रत्येकावर ओलं गोणपाट. पटकन घट्ट व्हावं म्हणून मूठभर सिमेंट टाकणारा गवंडी भेटेल. त्याला नको म्हणा. चुना डोळ्यांत गेला तर बुबुळ भाजतं, म्हणून चष्मा घाला आणि स्वच्छ पाण्याची बादली शेजारी ठेवा.

नोंदीच्या प्रत्येक पानावर तारीख, मोजणाऱ्यांची नावं, प्रमाण आणि उत्तर दिशा टाका. जिथे पोहोचता आलं नाही तिथे आकडा अंदाजाने न भरता रेघ तुटक काढा. फोटोंची मूळ फाइल जपा, छोटी केलेली नव्हे. एक छापील प्रत मालकाला, एक इगर्जीला, एक गावच्या वाचनालयाला. जुने कागद शोधायचे असतील तर पणजीचं पुराभिलेख खातं, ज्याची सुरुवात १५९५ ची, आणि आल्तिनोवरचं आर्चबिशप हाउस अशी दोन ठिकाणं आहेत. जाताना कपेलाचं नाव, वाडा आणि जुना परगणा लिहून न्या, कारण तिथल्या नोंदी सर्व्हे क्रमांकाने लावलेल्या नसतात.